दूध, गहू, साखर बंद केली, तरी चिडचिड तशीच

“मॅडम, दूध बंद केलं, गहू, अंडं, साखर सगळं बंद केलं. तरी हा शाळेतून आला की दप्तर भिरकावतो, धाकटीला मारतो. अजून कशाची ॲलर्जी असेल?” सात वर्षांच्या मुलाची आई रक्ततपासणीचा अहवाल पुढे करून विचारत होती. त्यात मुलगा रोज खातो ते जवळजवळ सगळं लाल रंगात होतं.

ती तपासणी आयजीजी प्रतिपिंडांची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडींची होती. एखादा पदार्थ नेहमी पोटात गेला की हे प्रतिपिंड तयार होतातच, त्यावरून तो पदार्थ बाधतो असं ठरत नाही. निदानासाठी ही तपासणी वापरू नये, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. तिच्या भरवशावर दीड महिन्यात मुलाचं वजन एक किलोनं उतरलं होतं. अर्धपोटी मूल चिडणारच!

आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. घोरणं, बद्धकोष्ठता, लोहाची कमतरता यांनीही मूल किरकिरं होतं. सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होते त्या आजाराची तपासणी मात्र लगेच करता आली नाही, कारण गहू बंद असताना ती फसवी नॉर्मल येऊ शकते. म्हणून काही आठवडे गहू खायला देऊन मग रक्त घेतलं. सगळे अहवाल ठीक आले.

बाकीचे पदार्थही परत सुरू झाले आणि मग 14 दिवसांची वही. वहीत ‘चिडचिड’ हा शब्द लिहायचा नाही, एवढी एकच अट. किती वाजता, नेमकं काय केलं, किती मिनिटं चाललं, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, रात्री किती वाजता झोपला, शौचाला झाली का, हे लिहायचं. ‘आज फार त्रास दिला’ यातून काहीच कळत नाही. ‘5:40, चप्पल फेकली, 10 मिनिटं रडला’ यातून कळतं.

14 दिवसांत 11 प्रसंग. त्यातले 8 संध्याकाळी 5 ते 6:30 मधले. डबा बहुतेक दिवशी अर्धा परत आलेला, आणि घरी आल्याआल्या रिकाम्या पोटी मोठा पेला दूध. एका पानाच्या समासात आईनं सहज लिहिलं होतं, ‘उशी पोटाशी धरून बसला.’ नंतर तेच आणखी दोनदा. सगळ्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद ती.

पोटदुखी आणि गॅस दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत येत असतील, तर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसण्याची शक्यता असते. डॉक्टरांच्या संमतीनं चाचणी ठरली. एक आठवडा साधं दूध, एक आठवडा लॅक्टोजमुक्त, पुन्हा तसंच. पेला भरायचा बाबांनी आणि आईला काही सांगायचं नाही. लॅक्टोजमुक्त दूध किंचित गोड लागतं, त्यामुळे मुलाला फरक कळू शकतो; पण वही आईची, म्हणून लपवायचं तिच्यापासून. 1994 मधल्या एका प्रयोगात 5 ते 7 वर्षांच्या मुलांना साखर नसलेलं पेय दिलं होतं. ‘भरपूर साखर दिली’ असं ज्या आयांना खोटंच सांगितलं, त्यांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. आपली अपेक्षा आपल्या डोळ्यांत उतरते, यात आईचा दोष नाही.

अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप किंवा खाल्ल्याबरोबर उलटी असं कधी झालं असेल, तर मात्र असे प्रयोग घरी मुळीच करू नका. दुधाच्या ॲलर्जीत लॅक्टोजमुक्त दूधही चालत नाही, कारण प्रथिनं तीच असतात.

साध्या दुधाच्या दोन्ही आठवड्यांत उशी पोटाशी आली, दुसऱ्या दुधाच्या एकाही नाही. दूध तोडावं लागलं नाही, बदलावं लागलं. कॅल्शियम मिळत राहिलं. शिवाय दारात पाऊल टाकताच आधी पोटभर खाणं, गृहपाठ नंतर. महिन्याभरात संध्याकाळचे प्रसंग आठवड्याला एकावर आले. तो उरलेला बहुधा चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी असतो. त्याच्यावर आता शाळेशी बोलणं चालू आहे.