ग्रिप लावल्यावर कॅमेरा बंद पडतो? बोर्ड बदलायला होकार देण्याआधी

तुमची अडचण थोडक्यात अशी: कॅनन ८०डी, बाजारात मिळणारी दुसऱ्या कंपनीची ग्रिप (कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची जोड, जिच्यात बॅटऱ्या बसतात), आत दोन बॅटऱ्या. एकेक फोटो नीट निघतात, पण बर्स्ट (बटण दाबून धरून धडाधड फोटो) मारला की मध्येच सगळं बंद. बॅटऱ्या काढून घातल्या की पुन्हा चालू. सर्व्हिस सेंटरने 'मदरबोर्ड' असं निदान केलंय आणि उद्यापर्यंत होकार मागितलाय. उद्या होकार देऊ नका. ही लक्षणं माझ्या चांगल्याच ओळखीची आहेत, आणि चुकीच्या भागावर त्यात बरेच पैसे गेलेत.

ग्रिप कशी लावायची, बॅटरी कुठल्या बाजूने घालायची हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

८०डीला ग्रिपमधून येणारी सगळी वीज बॅटरीच्या कप्प्यातूनच आत जाते. झाकण काढायचं, ग्रिपचा उभा खांब कप्प्यात सरकवायचा, त्याच्या टोकाचे पत्रे आतल्या पिनांना टेकतात. हे सगळं जागेवर धरून ठेवतो तो खालच्या ट्रायपॉडच्या भोकात जाणारा एकच पाव इंची स्क्रू. तो जरा सैल झाला की खांब केसभर हलतो. शिवाय कप्प्याच्या तोंडाशी एक बारीक कळ असते. झाकण लागलंय की उघडं आहे, हे कॅमेऱ्याला तिच्यावरून कळतं. ग्रिप लावल्यावर ती कळ दाबायचं काम ग्रिपवरच्या प्लास्टिकच्या उंचवट्याकडे येतं. हा उंचवटा झिजला किंवा मुळातच आखूड असला, तर कॅमेऱ्याच्या लेखी झाकण उघडलेलं असतं आणि तो बंद होतो. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

मग बर्स्टमध्येच का? कारण तेव्हा आरसा, शटर, लेन्सची फोकस मोटर आणि स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा) सगळे एकदम वीज ओढतात. समजा त्या क्षणी ३ अँपिअर लागले आणि मळलेल्या पत्र्यांचा अडथळा ०.३ ओहम असला, तर ०.९ व्होल्ट तिथेच जातात. ७.२ व्होल्टच्या बॅटरीतून कॅमेऱ्यापर्यंत ६.३ पोचतात. (आकडे हिशेबापुरते आहेत, मोजलेले नाहीत.) म्हाताऱ्या बॅटरीचंही हेच होतं. स्क्रीनवर ७० टक्के दिसतात, पण जोर लावायच्या वेळी ती मान टाकते.

आता तपासणी. क्रम बदलू नका.

आधी ग्रिप काढा, बॉडीचं मूळ झाकण लावा, एकच पूर्ण चार्ज केलेली ओरिजिनल एलपी-ई६एन (८०डीची कॅननची बॅटरी) घाला आणि तुमची नेहमीची लेन्स लावून शंभर-दीडशे फोटो बर्स्टमध्ये मारा. कार्ड वेगवान हवं, नाहीतर बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) भरून तुम्ही अडकाल आणि बॅटरीला दोष द्याल. इथे कॅमेरा एकदाही बंद पडला नाही, तर बोर्डावरचा संशय जवळपास संपला. पडला, तर माझं पुढचं सगळं सोडा. तुमचं सर्व्हिस सेंटर बरोबर असू शकतं.

मग ग्रिप लावा, पण आत एकच बॅटरी. आधी एका खणात, मग दुसऱ्या. नंतर दुसरी बॅटरी घेऊन तेच. या चार फेऱ्यांत दोष खणाबरोबर राहतो की बॅटरीबरोबर फिरतो ते दिसतं. मेनूतल्या बॅटरी इन्फोमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सच्या पट्ट्या असतात. तिथे तीन हिरव्या नसून एक लाल दिसत असेल, तर ती बॅटरी बाद करा. नकली बॅटरी कॅमेऱ्याशी नीट बोलत नाही, तिची ही माहिती येतच नाही किंवा येते ती भरवशाची नसते. म्हणून तपासणीपुरत्या तरी ओरिजिनल वापरा, उसन्या आणा हवं तर.

शेवटी कॅमेरा चालू ठेवून एका हातात बॉडी, दुसऱ्यात ग्रिप धरा आणि हलकेच पिळा, पुढे-मागे. जोर नको. स्क्रीन विझली की चोर सापडला. बॉडी आणि ग्रिपच्या फटीत साध्या कागदाची चिठ्ठी सरकवून पाहा, चारही बाजूंनी. ती आत जाता कामा नये. स्क्रू आवळायचा तो कॅमेरा टेबलावर उलटा ठेवून. हवेत धरून आवळला की तिरका बसतो. थोडे फोटो काढून झाल्यावर पुन्हा एकदा आवळा, कारण वरचं रबर दबून बसतं.

पत्रे पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. खोडरबर किंवा पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. कप्प्यातल्या पिना स्प्रिंगच्या असतील तर प्लास्टिकच्या काडीने एकेक दाबून पाहा, सगळ्या सारख्याच उसळून वर आल्या पाहिजेत.

आता सर्व्हिस सेंटरबद्दल. नाव घेत नाही, पण पद्धत सांगतो. आपण ग्रिपसकट कॅमेरा नेतो. काउंटरवर सांगतात, 'दुसऱ्या कंपनीची ॲक्सेसरी आम्ही घेत नाही, फक्त बॉडी द्या.' ग्रिप परत येते. गंमत अशी की बॉडीचं मूळ झाकण त्या ग्रिपच्याच खाचेत खोचलेलं असतं, तेही परत घरी येतं! तिकडे झाकण नसलेल्या बॉडीत बॅटरी घातली की कॅमेरा चालूच होत नाही, कारण ती कळ दबलेली नाही. जॉब शीटवर 'डेड, बोर्ड बदलणे' लिहून मोकळे. जाणकार मेकॅनिक कळ बोटाने दाबून पाहील किंवा दुसरं झाकण लावेल. सेंटरमधल्या महाशयांनी यातलं काही केलं नाही. बोर्ड बदलला, बिल पाच आकडी, आणि ग्रिप लावल्याबरोबर दुखणं जसंच्या तसं. तक्रार केली तर उत्तर, 'बॉडी आमच्याकडे चालतेय.' चोर सोडून संन्याशाला फाशी, वर दोराचे पैसे आपल्याकडून.

त्यामुळे कॅमेरा देताना झाकण लावूनच द्या आणि जॉब शीटवर लिहून घ्या: 'झाकण बॉडीवर आहे, काउंटरवर कॅमेरा चालू होतो, दोष फक्त ग्रिपसह बर्स्टमध्ये.' तपासणी कोणत्या बॅटरीवर केली, किती फोटो काढले, हे विचारा. उत्तर नसेल तर होकारही नाही. बदललेला जुना भाग परत मागा. सगळीच सेंटरं अशी नसतात, हेही मान्य.

माझं मत विचाराल (नाही विचारलंत, तरी) तर नव्या स्वस्त ग्रिपपेक्षा कॅननची वापरलेली बीजी-ई१४ बरी. ७०डी, ८०डी, ९०डी तिघांना तीच चालते, म्हणून मिळतेही. घेताना कप्प्यात जाणारा खांब आणि त्याचे पत्रे नीट पाहा, बाकी ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. आणि ग्रिपने ८०डीचा वेग वाढत नाही, सेकंदाला ७ फोटो ते ७च. ग्रिप आणि ठरावीक बॅटरी लावून वेग वाढतो तो काही निकॉन बॉड्यांचा, उदाहरणार्थ डी८५०चा, ७ वरून ९. उलट निकॉनच्याच डी७५००ला ग्रिप जोडायचे पॉइंटच नाहीत, तिथे 'ग्रिप बसते' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तुम्हाला फक्त फोटोंची संख्या हवी असेल, तर एका एलपी-ई६एनवर कंपनीच्या हिशेबाने व्ह्यूफाइंडरमधून ९६० फोटो निघतात. खिशात दुसरी बॅटरी ठेवली की काम भागतं. उभे फोटो खूप काढत असाल, लग्नात दिवसभर, तरच ग्रिपला अर्थ आहे.

दोन बारीक गोष्टी. उभे फोटो काढायला ग्रिपवर वेगळं शटरचं बटण असतं, त्याची खटकी गरज नसताना बंद ठेवा. तळहात त्या बटणावर अर्धवट दाबला जातो, फोकस आणि मीटर जागे राहतात आणि बॅटरी कुठे गेली कळत नाही. आणि सहा पेन्सिल सेलचा ट्रे वापरायचाच तर निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल, सहाही एकाच वेळी घेतलेले. घड्याळाचे साधे सेल बर्स्टला टिकत नाहीत. काम झालं की ट्रे रिकामा करा, गळलेल्या सेलने ग्रिप कायमची जाते.

मी काही अधिकृत तंत्रज्ञ नाही. बॉडी वॉरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर लावू नका, वरच्या कुठल्याही तपासणीला तो लागत नाही. पहिली चाचणी आज रात्रीच करा आणि काय झालं ते इथे लिहा. चार फेऱ्यांचे निकाल वेगवेगळे लिहा, 'कधी कधी होतं' असं नको, त्यावरून काहीच सांगता येत नाही.