वाचकांचे प्रश्न : ओंकाराचा जप आणि रात्रीची दारे

प्रश्न : मी परभणी तालुक्यातील शेतकरी आहे. गावात योगशिबिर झाले, तेव्हापासून रोज पहाटे अर्धा तास ओंकार म्हणतो. मात्र तोंडाने ओंकार चालू असतो आणि मन कापसाच्या भावात नाही तर लेकीच्या फीमध्ये अडकलेले असते. गावातील एका जाणत्या माणसाने सांगितले की, संसारी माणसाने नुसता ओंकार जपू नये. त्यातच रब्बीत मोटारीला रात्रीची वीज येते. दारे धरून, म्हणजे पिकाला पाणी देऊन, पहाटे घरी आलो की जपाला बसताच झोप लागते. असा जप वाया जातो का?

उत्तर : वाया जात नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात प्रणवाला, म्हणजे ओंकाराला, ईश्वराचा वाचक (बोध करून देणारा शब्द) म्हटले आणि लगेच पुढचे सूत्र दिले, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’, म्हणजे त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना. त्यानंतर व्याधी, स्त्यान (मनाची जडता), संशय, आलस्य, अनवस्थितत्व (मन स्थिर न राहणे) असे एकूण नऊ अंतराय, म्हणजे साधनेतील अडथळे, ते मोजतात आणि या जपाने ते दूर होतात असे सांगतात. तेव्हा ज्याचे मन ठिकाणावर राहत नाही, त्याच्याचसाठी हा जप सांगितला आहे. मन भरकटते म्हणून आपण जपाला अपात्र आहोत असे कृपया समजू नका.

अडचण बहुधा वेगळीच आहे. शिबिरांत सूत्राचा पहिला अर्धा भाग शिकवला जातो आणि अर्थभावना राहून जाते. बारा मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदात अकार म्हणजे जागृती, उकार म्हणजे स्वप्न आणि मकार म्हणजे सुषुप्ती (गाढ झोप) असे सांगून, ज्याला मात्राच (उच्चाराचा अंशच) नाही असा चौथा भाग सांगितला आहे. अकार कंठातून उघडतो, उकार ओठांकडे सरकतो, मकाराला ओठ मिटतात आणि त्यानंतर जी निःशब्दता उरते तिच्याकडे तो चौथा भाग बोट दाखवतो. ध्यानबिंदू उपनिषदात प्रणवाला तेलाच्या अखंड धारेची आणि घंटेच्या लांबत जाणाऱ्या नादाची उपमा आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळात घंटा वाजवून तुम्ही क्षणभर थांबला असाल, तर नाद नेमका कुठे संपला हे सांगता येत नाही, हा अनुभव तुम्हाला असेलच. आपण मात्र मकार संपतो न संपतो तोच पुढच्या ओंकारासाठी श्वास ओढतो, आणि सामूहिक ओंकारातील सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. दोन ओंकारांमध्ये दोन-तीन सहज श्वास जाऊ द्या व विरत जाणारा नाद ऐकत राहा. कापसाचा भाव तेव्हाही आठवेल. त्याच्याशी न भांडता पुन्हा नादाकडे या. अर्ध्या तासात ओंकारांची संख्या निम्मी झाली तरी चालेल.

मनुस्मृतीत मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप आणि त्याहून मनातल्या मनात केलेला मानस जप श्रेष्ठ मानला आहे. तरी चित्त अस्वस्थ असेल तेव्हा मोठ्यानेच सुरुवात करावी आणि आवाज हळूहळू आत घ्यावा, असे माझे मत आहे.

आता अधिकाराविषयी. त्या जाणत्या माणसाचे म्हणणे निराधार नाही. केवळ प्रणवाचा जप हे संन्याशाचे साधन आणि गृहस्थाने ओंकार अन्य मंत्राला जोडून म्हणावा, अशी परंपरा खरोखरच आहे. परंतु योगसूत्रांत गृहस्थ की संन्यासी अशी आश्रमाची अट घातलेली नाही. शिवाय पैठणजवळच्या आपेगावच्या ज्या ज्ञानदेवांना आपण माउली म्हणतो, त्यांनी ‘ॐ नमो जी आद्या’ म्हणूनच ज्ञानेश्वरीला आरंभ केला आणि अकार हे गणेशाचे चरण, उकार हे विशाल उदर, मकार हे मस्तक, असे ओंकाराचे रूप सर्वांना कळेल अशा मराठीत उभे केले. एवढे वाचूनही मनात किंतु राहिला, तर ‘ॐ नमः शिवाय’ म्हणा. जप करताना आतून संशय कुरतडत राहणे अधिक वाईट, कारण संशय हाही त्या नऊ अंतरायांपैकीच एक आहे.

राहिली झोप. रात्रभर थंडीत, चिखलात दारे धरलेल्या माणसाला पहाटे येणारी झोप म्हणजे आळस नव्हे, आणि ती मोडून जपाला बसण्याची काहीही गरज नाही. वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात आधी निवांत झोपा आणि सकाळी उठल्यावर किंवा दिवेलागणीला बसा. एक वाफा भरून पाणी पुढे फोडेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यातही मानस जप अवश्य करा. मात्र तेथे डोळे मिटून बसू नका, पायांत बूट आणि हातात बॅटरी असू द्या, कारण बांधावर साप असतो आणि ओल्या हाताला मोटारीचा स्टार्टर घातक ठरतो.