आधी यादी उघडा, मग आवाज

प्रश्न: मी सहा महिन्यांपूर्वी एका विद्यापीठ ग्रंथालयात रुजू झालो. इतिहास विभागाची जुनी खोली रिकामी करताना २३० कॅसेट आणि नऊ रिळं आमच्याकडे आली. धरणात गेलेल्या गावांतल्या लोकांच्या १९७८ ते १९९१ या काळातल्या या मुलाखती आहेत. त्या घेणारे प्राध्यापक आता हयात नाहीत. निम्म्या मुलाखतींची टंकलिखित शब्दांकनं आहेत, संमतीपत्रं मात्र मोजकीच. वरिष्ठ म्हणतात, वर्षभरात सगळं वेबसाइटवर टाका. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आज एकही कॅसेट वाजवू नका. आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. मग रिळांचे डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फीत ॲसिटेटची आहे आणि ती कुजायला लागली आहे. असं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, त्याचा नंबर पहिला लावा.

त्यानंतर यादी करा. दाखल क्रमांक, कोण बोललं, कोणी विचारलं, तारीख, गाव, किती मिनिटं, डबीवर हाताने काय लिहिलंय, एवढंच. डबीवरचं अक्षर जसंच्या तसं उतरवा, चुकीचं वाटलं तरी. एका डबीवर फक्त ‘मावशी, दुसरी बाजू’ असं होतं. ते मी निरर्थक समजून गाळलं होतं. पुढे प्राध्यापकांची वही सापडली, तिच्यात त्या बाईंचा उल्लेख सगळीकडे ‘मावशी’ असाच होता. जोडणारा दुवा मीच फेकून दिला होता. तो परत जुळवायला चार महिने गेले.

ही यादी ग्रंथालयाच्या सूचीत दोन महिन्यांत दिसू लागली पाहिजे, आवाज त्यानंतर केव्हाही येऊ दे. माझं यावर ठाम मत आहे. बावीस वर्षं मी ध्वनिसंग्रहावर काम केलं. त्या काळात कुलुपामुळे अडलेले अभ्यासक थोडे पाहिले. संग्रह आहे हेच ठाऊक नसल्यामुळे आलेच नाहीत, असे कितीतरी असणार. ज्यांच्या घरातलं कोणी त्या कॅसेटवर बोललंय, त्यांना तर असं काही असेल अशी शंकाही नसते. मात्र नाव जाहीर करू नका असं कुणी तेव्हा सांगितलं असेल, तर यादीतही फक्त क्रमांक टाका.

आता डिजिटायझेशन. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ ती वाजणार, तिथे घाई चालत नाही. चांगला डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) मिळवा, त्याचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणारा भाग, दर काही कॅसेटनंतर पुसून स्वच्छ करा, आणि हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला कानाने जुळवा. तो जरा हलला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. एकशे वीस मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते. तिला मागे-पुढे पळवू नका, एकदाच सरळ वाजवा. रीळ वाजताना किंचाळायला लागलं तर तिथेच थांबा आणि ते जाणकाराकडे द्या. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) ठेवा. स्टिरिओत तासाला साधारण दोन जीबी लागतात, म्हणजे कॅसेट सरासरी तासाभराची धरली तर तुमचा सगळा संग्रह ५०० जीबीच्या आसपास बसेल. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. जागा ही आता अडचण राहिलेली नाही, लागतात ते ऐकणाऱ्या माणसाचे तास.

शब्दांकनं आहेत तर कॅसेट कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं, तेव्हा तिथेही हाच विचार होता. टंकलिखित प्रत तयार झाली की टेप पुसून पुन्हा वापरायची. त्या सुरुवातीच्या कित्येक मुलाखतींचा आवाज आज कुठेच नाही. माझ्याकडच्या एका शब्दांकनात वाक्य होतं, ‘त्यानंतर आमचे स्थलांतर झाले.’ कॅसेट लावली तर म्हातारा म्हणत होता, ‘आमी गेलो न्हाई, आमाला न्हेलं.’ टंकलेखकाने भाषा शुद्ध केली आणि त्या माणसाची तक्रारच पुसून टाकली. तेव्हापासून शब्दांकन मी आवाजाकडे जाणारी वाट म्हणूनच वापरते.

संमतीचा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि वरिष्ठांशी बोलायचं तेही यावरच. १९८० साली एका प्राध्यापकाला घरात बसवून सांगितलेली गोष्ट आणि जगात कुणालाही फोनवर ऐकू येणारी गोष्ट एक नव्हे. बोलणाऱ्याने तेव्हा इंटरनेटला होकार दिलेला नाही, कारण ते नव्हतंच. एका कॅसेटवर एक बाई जमिनीच्या वाटणीबद्दल सांगताना मध्येच म्हणतात, ‘हे बंद करा.’ यंत्र चालूच राहिलं आणि पुढची अकरा मिनिटं त्या आपल्या दिराबद्दल बोलल्या. शब्दांकनात ती अकरा मिनिटं नाहीत, आणि ‘बंद करा’ हेही नाही. मी कागद बघून ती मुलाखत खुली करायला निघाले होते. म्हणून सांगते, पूर्ण ऐकल्याशिवाय एकही मुलाखत खुली करू नका.

ऐकून झालं की तीन कप्पे करा: सर्वांसाठी खुल्या, ग्रंथालयात बसूनच ऐकायच्या, आणि ठरावीक वर्षांपर्यंत बंद. बोलणारे किंवा त्यांचे वारस शोधा. किती प्रयत्न केले, कोणाला पत्र गेलं, उत्तर आलं का, याची तारखेनिशी नोंद ठेवा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आणि बोललेल्या शब्दांवरचा हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतो, तेव्हा विद्यापीठाच्या कायदा सल्लागाराला आधीच विचारा. वेबसाइटवर ‘ही मुलाखत काढावी’ अशी विनंती करायची सोयही ठेवा. विनंती आली की आधी काढा, चौकशी मागाहून करा.

आणि झेपणार नाही असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती जमवल्या होत्या. ‘तुम्ही जिवंत असेपर्यंत गुप्त’ असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या पोलीस तपासासाठी न्यायालयामार्फत त्या मागवल्या गेल्या आणि काही द्याव्या लागल्या. बंद कप्प्याच्या कागदावर म्हणूनच ‘कायद्याच्या मर्यादेत’ हे शब्द हवेतच.

शेवटचं, शोधायच्या सोयीबद्दल. दीड तासाची फाइल नुसती टाकली तर ती कोणी ऐकत नाही. दर चार-पाच मिनिटांना एक ओळ लिहा: ‘१२:४० बैलं विकली’, ‘१७:०५ पहिलं नोटीसपत्र’. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या नन सेंटर या मौखिक इतिहास केंद्राने अशी ओळ दाबताच आवाज तिथून सुरू करणारी ‘ओएचएमएस’ प्रणाली बनवली आहे. ती नाही जमली तरी साध्या तक्त्याने काम भागतं. ओळी लिहिताना बोलणाऱ्याचाच शब्द घ्या. तो ‘उठवलं’ म्हणतो, अभ्यासक ‘विस्थापन’ शोधतो. दोन्ही लिहा.

वर्षभरात सगळं होणार नाही. यादी पूर्ण, धोक्यातली फीत उतरवलेली आणि चाळीस मुलाखती नीट ऐकून खुल्या, एवढं वरिष्ठांना लेखी कळवा.

प्रश्न: आवाजावरून आपोआप मजकूर तयार करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती वापरावीत का?

उत्तर: कच्च्या खर्ड्यासाठी जरूर वापरा, कारण तासाभराचा आवाज हाताने उतरवायला चार ते सहा तास सहज जातात. पण बोलीत ती अडखळतात, गावांची नावं बिघडवतात, आणि कधी कधी शांततेच्या जागी कुणी न बोललेली वाक्यं घालतात. मुलाखतीत माणूस गप्प होतो, ती जागा फार मोलाची असते. म्हणून कॅसेट लावूनच खर्डा तपासा. बंद कप्प्यातल्या मुलाखती बाहेरच्या सेवेवर चढवू नका. मजकूर यंत्राने केला, कोणी तपासला आणि कधी, हे प्रत्येक नोंदीत लिहा.