अनशापोटी किती गोळ्या?

प्रश्न : ताई, माझं वय ५२. नऊ वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी तिच्या जोडीला पित्ताची गोळी (पँटोप्रॅझोल) आणि कॅल्शियम आलं. विसरायला नको म्हणून तिन्ही गोळ्या सकाळी उठल्याउठल्या एका घोटात घेते. एकही दिवस चुकवलेला नाही. तरी टीएसएच (थायरॉइडचं औषध कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ३ वरून ९ वर गेला. ‘गोळी नियमित घेता ना?’ असं डॉक्टरांनी विचारलं, ते फार लागलं.

उत्तर : लावून घेऊ नका. तुम्ही गोळ्या नियमितच घेताय, घोटाळा ‘एका घोटात’ या दोन शब्दांत आहे.

हे मी अनुभवानं सांगते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली. ‘लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे थायरॉइडची गोळी) आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. पण मनगटाचं हाड मोडलं आणि माझ्याच थायरॉइडच्या गोळीच्या जोडीला कॅल्शियम सुरू झालं, तेव्हा दोन्ही गोळ्या डबीच्या एकाच खणात टाकल्या. आठ महिने! टीएसएच वाढल्यावर आधी लॅबला नावं ठेवली. शेवटी भेटायला आलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं डबी उघडून पाहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मॅडम, हे तुम्हीच शिकवलं होतं ना?”

आता पोटात काय होतं ते पाहा. थायरॉइडच्या गोळीतलं औषध अगदी चिमूटभर असतं. गोळी १०० मायक्रोग्रॅमची आणि शेजारी कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, म्हणजे वजनानं पाच हजार पट. हे औषध लहान आतड्यातून रक्तात शिरतं, तेही रिकाम्या पोटी साधारण ६० ते ८० टक्केच. कॅल्शियम त्याला वाटेतच धरून ठेवतं आणि ती जोडी तशीच पुढे निघून जाते. लोहाची गोळीही हेच करते. हे भांडण घड्याळानं सुटतं: चार तासांचं अंतर ठेवलं की दोघींची गाठच पडत नाही.

पित्ताच्या गोळीचं भांडण वेगळं आहे, आणि इथे बरेच जण फसतात. (जाता जाता : ही गोळी पित्ताची नाहीच. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं. आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. पण बोलीभाषेशी भांडून मी कधी जिंकलेले नाही.) थायरॉइडची गोळी नीट विरघळायला जठरात आम्ल लागतं. पँटोप्रॅझोल ते आम्ल दिवसभरासाठी कमी करून ठेवतं. त्यामुळे दोन गोळ्यांत चार तास ठेवा नाहीतर आठ, फारसा फरक पडत नाही. तिथे उपाय एकच, टीएसएच तपासून डॉक्टरांनी डोस बसवणं.

पँटोप्रॅझोलचं स्वतःचं वागणंही मजेदार आहे. आम्ल थांबवणारं हे औषध आम्लाशिवाय जागं होत नाही. पण जठरातल्या आम्लात थेट पडलं तर तिथेच नासतं, म्हणून त्यावर असं आवरण असतं जे आतड्यात पोचल्यावरच सुटतं. तिथून ते रक्तात शिरतं आणि रक्तातून पुन्हा जठराच्या भिंतीतल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत येतं. त्या पेशींतले पंप जेवणाच्या वेळी कामाला लागतात आणि चालू पंपालाच हे औषध कुलूप लावतं. म्हणून ती गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. काही तासांत औषध रक्तातून नाहीसं होतं, कुलूप मात्र राहतं. पेशी नवे पंप बनवतील तेव्हाच आम्ल पूर्ववत होतं. ही गोळी फोडून किंवा कुटून घेऊ नये, ती यासाठीच. आवरण फुटलं की सगळा डाव फसला.

तर तुमची सकाळ अशी लावा. उठल्यावर थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर पाण्याशिवाय खाणंपिणं नको, कॉफीसुद्धा. अर्ध्या तासानं पित्ताची गोळी आणि तिच्यानंतर अर्ध्या तासानं खाणं. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर. ते कॅल्शियम कार्बोनेट असेल तर त्यालाही विरघळायला आम्ल लागतं, तेव्हा पित्ताची गोळी चालूच राहणार असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं पडेल का, हे विचारून घ्या.

डॉक्टरांना मात्र हे सगळं आधी सांगा. गोळ्यांची वेळही सुधारली आणि त्याच वेळी डोसही वाढवला, तर तो जास्त होऊन छातीत धडधड सुरू व्हायची. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा. लेव्होथायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं, त्यामुळे पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीतून काही कळत नाही. आणि पित्ताची गोळी आता खरंच लागते का, तेही विचारा. वर्षभर घेतलेली असल्यानं एकदम सोडलीत तर दबलेलं आम्ल काही दिवस उसळून येतं आणि ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही’ असा समज होतो. ती हळूहळू कमी करतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला टाइप-१ डायबिटिस आहे. एवढ्या सगळ्या आजारांवर गोळ्या आहेत, मग इन्सुलिनचीच का नाही? मला सुयांचा कंटाळा आलाय.

उत्तर : बाळा, कंटाळा येणारच.

इन्सुलिन हे प्रथिन आहे, ५१ अमिनो आम्लांची माळ. गिळलं तर पोटाला ते औषध वाटत नाही, जेवण वाटतं. जठरातलं पेप्सिन ही माळ तोडायला घेतं, उरलेलं काम लहान आतड्यात ट्रिप्सिन करतं. आणि हे ट्रिप्सिन येतं कुठून? स्वादुपिंडातूनच! एकाच अवयवात इन्सुलिनही तयार होतं आणि त्याला मोडणारा पाचकरसही. भांडण होत नाही, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. पाचकरस नळीतून आतड्यात जातो आणि इन्सुलिन पेशींच्या लहान लहान बेटांमधून थेट रक्तात. ही बेटं १८६९ मध्ये पाउल लांगरहान्सनं पहिल्यांदा पाहिली. तो तेव्हा विद्यार्थीच होता, आणि ती कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

टोरोंटोमध्ये १९२१ साली इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांच्यासमोर तुझाच प्रश्न उलट्या बाजूनं उभा होता: स्वादुपिंड कुटून अर्क काढायचा, तर पाचकरस त्यातलं इन्सुलिन खाऊन टाकणार. त्यावर त्यांनी वाट शोधली. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते नीट जमलं नाही. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिपनं तो शुद्ध केला आणि त्याच महिन्यात दिलेल्या दुसऱ्या खेपेला साखर खाली आली.

प्रथिनासारखी माळ असलेलं एक औषध गोळीतून देणं जमलंय, पण ते इन्सुलिन नव्हे. सेमाग्लुटाइडची गोळी २०१९ मध्ये आली, ती टाइप-२ साठी. तिच्यात एक सोबती रसायन घातलेलं असतं. ते गोळीभोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं शांत करून औषधाला जठराच्या भिंतीतून आत ढकलतं. एवढं करूनही एक टक्काही औषध रक्तात पोचत नाही. इन्सुलिनला ही उधळमाधळ परवडत नाही, त्याचा डोस काटेकोरच लागतो. सुया कमी करायच्या असतील तर इन्सुलिन पंपाबद्दल आईबाबांना तुझ्या डॉक्टरांशी बोलायला सांग.

प्रश्न : दम्यासाठी दोन महिने प्रेडनिसोलोन घेतोय. आता अगदी बरं वाटतं. स्टेरॉइड वाईट म्हणतात, म्हणून उद्यापासून बंद करणार आहे.

उत्तर : उद्यापासून नको! हे वाचलंत की आधी डॉक्टरांना फोन करा.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूतली पियूषिका ग्रंथी त्यांना हुकूम पाठवणं थांबवते आणि त्या सुस्तावतात. तुम्ही गोळी एकदम बंद केलीत तर त्या एका रात्रीत उठून कामाला लागत नाहीत. मग गळून जाणं, उलट्या, रक्तदाब पडणं, प्रसंगी जिवावर बेतणं. म्हणून डोस पायरीपायरीनं उतरवतात. गोळी सकाळी खाऊन घेताय ना? शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही सकाळीच चढतं, आपण त्याच्या तालात राहायचं.

प्रश्न : (नाव छापू नये) लिहायला संकोच वाटतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची ‘एक्स-आर’ गोळी घेतो. दोनदा शौचात ती अख्खीच्या अख्खी दिसली. औषध लागूच पडत नाही का?

उत्तर : संकोच कसला, माझ्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि विचारणारा दरवर्षी लाल व्हायचा. तुम्हाला दिसलं ते टरफल. ‘एक्स-आर’ म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी. तिच्यात औषध एका जाळीत अडकवलेलं असतं, ते तासन्‌तास झिरपून आतड्यात उतरतं आणि रिकामी जाळी बाहेर पडते. साखर आटोक्यात असेल तर निश्चिंत राहा. मात्र ही गोळी चावू किंवा कुटू नका, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटेल आणि पोट बिघडेल. ती रात्रीच्या जेवणाबरोबर घेतलेली बरी. मेटफॉर्मिन चालू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तर पुढच्या रक्ततपासणीत बी-१२ ही लिहून घ्या. आतड्यातून त्याचं शोषण या औषधानं कमी होतं, आणि पायाला येणाऱ्या मुंग्यांचा दोष मग उगीच साखरेवर जातो.