बाणस्तारीचा पूल

बांदोडे, फोंडा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. "घरबसल्या नोकरी मिळाली म्हणून किती खूश होतो गं आम्ही, आणि आता ती आठ-आठ दिवस फाटकाबाहेर पडत नाही," म्हणाली. जेवणाचं ताट खोलीत न्यावं लागतं, रात्री दीड वाजता दाराखालून उजेड दिसतो, काही विचारलं की "कामात आहे" एवढंच उत्तर. तक्रार नव्हती गं तिची, घाबरली आहे ती. ऐकून मीही घाबरले, कारण हे मी फार जवळून पाहिलं आहे.

माझी एकवीस वर्षं पणजीत, पाट्टोवरच्या एका ऑफिसात हिशेब सांभाळण्यात गेली. सकाळी फोंड्याहून बस, संध्याकाळी परत. त्या तासाभराच्या प्रवासाचा मी रोज त्रागा करायची. मार्च 2020 मध्ये लॅपटॉप देऊन आम्हाला घरी पाठवलं, पुढे कंपनीने ती जागाच सोडली, आणि पहिले दोन महिने मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून उठायचं, गरम उंडे आणि चहा, की लगेच काम. आपलं काय हरवलं हे कळायला पावसाळा यावा लागला. माझा बाणस्तारीचा पूल हरवला होता.

सकाळी बस त्या पुलावर चढली की सासूबाईंचं औषध, मुलाची फी, ओट्यावर राहिलेली भांडी हे सगळं मागे पडायचं. संध्याकाळी परतताना साहेबांचा चढलेला आवाज आणि न जुळलेला ताळेबंद खाली पाण्यात सोडून मी पुढे जायची. हे मी मुद्दाम करत नव्हते, पूल करून घेत होता. घरी बसल्यावर खाटेपासून टेबलापर्यंत सात पावलं उरली. सात पावलांत माणूस बदलत नाही. ताळेबंद माझ्याबरोबर जेवायला बसायचा, झोपायला यायचा.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती मी फार कुणाला सांगितलेली नाही. आमच्या टीममध्ये कोल्हापूरचा एक मुलगा होता, तुझ्याच वयाचा. त्याच्या नावापुढचा, ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका कधी विझायचा नाही. रात्री दोनला त्याचे मेल यायचे, आणि मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करायची. 2021 च्या पावसाळ्यात एका सोमवारी ठिपका हिरवा होता, पण उत्तर येईना. फोन त्याच्या भावाने उचलला. पोरगा कित्येक आठवडे धड झोपला नव्हता, जेवत नव्हता, आणि त्या दिवशी खाटेवरून उठूच शकला नव्हता. पुढे उपचार घेऊन बरा झाला, आता दुसरीकडे चांगलं काम करतो. पण ऑफिसात असता तर चहाच्या वेळी त्याचा उतरलेला चेहरा मला दिसला असता. पडद्यावर मला फक्त वेळेत आलेलं काम दिसलं, आणि तेवढ्यावर मी समाधानी राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. शांघायच्या सीट्रिप या पर्यटन कंपनीत निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर 2010 पासून नऊ महिन्यांचा प्रयोग केला. फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या, घरून काम करायला उत्सुक असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात राहिले. घरून बसणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. सगळे हाच आकडा सांगतात. त्याच्या पोटात शिरलीस तर दिसेल की त्या 13 पैकी सुमारे 9 टक्के जास्त मिनिटं काम केल्यामुळे आले: मधली विश्रांती कमी, आजारपणाच्या रजा कमी. म्हणजे ती वाढ बरीचशी माणसांच्या उसंतीतून काढलेली होती. ताप असला तरी घरीच तर आहे, म्हणून लॅपटॉप उघडायचा. तू मे महिन्यात हेच केलंस ना? आई सांगत होती.

नोकरी सोडून जाणारे मात्र निम्म्याने कमी झाले, म्हणजे लोकांना ती सोय हवीच होती. तरीही प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले, आणि त्याचं मोठं कारण एकटेपणा होतं. पुढे त्याच कंपनीत सोळाशेहून अधिक लोकांवर आणखी एक प्रयोग झाला, तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होतं. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या दर्जाला धक्का लागला नाही. म्हणून नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. बेंगळुरूचा पगार आणि डिचोलीचं घर हे दोन्ही एकत्र मिळणं आमच्या पिढीच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या वेळी एकतर गाव सुटायचं, नाहीतर नोकरी.

पण तासांकडे लक्ष दे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. तू सकाळी नऊला बसतेस आणि रात्री दीडला उठतेस. मधली जेवणं वजा करून बेरीज कर बघू. मी हिशेबातली बाई आहे, बेरीज न करता बोलत नाही.

पोर्तुगालने 2021 मध्ये कायदाच केला: कामाच्या वेळेबाहेर मालकाने कर्मचाऱ्याला गाठायचं नाही, आणि घरून काम करणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून दोन महिन्यांतून एकदा तरी प्रत्यक्ष भेट घडवायची. आपल्याकडे 2018 मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत अशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तुझं फाटक तुलाच लावायचं आहे. वरिष्ठांना स्वच्छ लिही, की साडेसहानंतरचा निरोप मी सकाळी पाहीन. पहिल्या वेळी हात थरथरेल, तरी पाठव. मी अनेक वर्षं वरिष्ठ होते. असा निरोप आल्यावर रागावल्याचं मला आठवत नाही. उलट या मुलीला कधी गाठायचं हे कळायचं.

घरच्यांनाही सांगावं लागेल. "घरीच आहेस ना" हे वाक्य मुलींच्या वाट्याला जास्त येतं. सिलिंडरवाला, पाहुणे, चवथीच्या माटोळीचं सामान, सगळं तुझ्याच अंगावर. त्यामुळे दिवसाचं काम रात्रीवर ढकललं जातं आणि दीड वाजतात. आईशी मी बोलले आहे. दहा ते एक तुला हाक मारणार नाही असं तिने कबूल केलं आहे. तूही एक कबूल कर: दुपारचं जेवण खोलीबाहेर, सगळ्यांबरोबर, फोन न घेता.

आणि मन नुसतं थकलेलं नसेल, काही करावंसंच वाटत नसेल, तर थांबून राहू नकोस. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने आपल्याच गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत गंभीर नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार तपासला होता. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक माणसाला पुन्हा छोट्या-छोट्या आवडीच्या कामांकडे वळवायचे: चालणं, शेजाऱ्याशी बोलणं, सोडून दिलेलं भजन. या उपचाराने 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचाराने 39 टक्के. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण कोल्हापूरच्या मुलाच्या हातून हेच सगळं एकेक करून सुटलं होतं. 14416 हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा सरकारी क्रमांक फोनमध्ये ठेव. फोन विनामूल्य आहे, आणि मराठीतूनही बोलता येतं.

मी माझा पूल पुन्हा बांधला. साडेसहाला लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवते, साडी बदलते आणि नागेशीच्या तळीपर्यंत चालत जाते. पाऊस असला तर छत्री. तळीच्या पायऱ्यांवर दोघी-तिघी भेटतात, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं ऐकते. घरी येऊन सोप्यावर बसते तेव्हा मी बाहेरून आलेली असते.

गुरुवारी इकडे ये. लॅपटॉप घेऊनच ये, सोप्यावर नेट चांगलं चालतं, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. दिवसभर दोघी समोरासमोर बसून आपापलं काम करू. खतखतं करते. साडेसहाला तुझा लॅपटॉपही माझ्या कपाटात जाईल, मग तळीवर जाऊ. डिचोलीहून निघताना फोन कर, मी फोंड्याच्या तिस्कावर उभी राहते.

तुझी,
मावशी