सॅन फ्रान्सिस्कोत घरी बिअर बनवतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळून जाईल का?

नुसतं उकळून भागणार नाही, पाण्यात कॅम्पडेन गोळी (क्लोरीन-क्लोरामाइन घालवणारी सल्फाइटची गोळी) टाका. तुमच्याकडे २००४ पासून साध्या क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन-अमोनियाचं संयुग, वापरतात. क्लोरीन रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलं किंवा पंधरा-वीस मिनिटं उकळलं की उडून जातं. क्लोरामाइन मात्र भलतंच चिवट. ते राहिलं तर माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फिनॉलशी जुळून क्लोरोफिनॉल तयार होतं आणि बिअरला बँडेज-पट्टीसारखा दवाखान्याचा वास येतो. एकदा आला की जात नाही, बॅच मोरीत ओतायची.

एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते, म्हणजे पाच गॅलनच्या बॅचला पाव गोळी. दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यात ढवळा. पाचेक मिनिटांत काम होतं. हे माल्ट घालण्याआधी करा. शेवटी वरून ओतायच्या पाण्यालाही गोळी हवीच, लोक नेमकं तेच विसरतात.

फक्त एक लक्षात ठेवा, ही गोळी म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. मात्रा अगदी कमी असली, तरी घरात कुणाला सल्फाइट सोसत नसेल तर गोळीऐवजी कार्बन फिल्टर लावा आणि नळाची धार बारीक ठेवा.