बायको रशियन, लग्न पुण्यात नोंदवलं. आता व्हिसासाठी तिला नेपाळला पाठवायचं का?

नका पाठवू. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने भारतीय नागरिकाशी लग्न केलं, तर तो व्हिसा इथेच एक्स (एंट्री) व्हिसामध्ये बदलता येतो. अर्ज ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर करायचा, तोही सध्याचा व्हिसा चालू असतानाच. मुदतीचं अगदी काटेकोर बघा. काठमांडूला जाऊन तिथे अर्ज अडकला, तर ती तिकडे आणि तुम्ही इकडे! एजंट हे सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

विवाह नोंदणीचा दाखला, तुमचा पासपोर्ट, पत्त्यासाठी महावितरणचं बिल हाताशी ठेवा. बहुतेकांचं घोडं परदेशी पाहुण्याची माहिती देणाऱ्या फॉर्मपाशी (पूर्वीचा फॉर्म सी) अडतं. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत तो भरावा लागतो, मग घर कोथरूडच्या सासूबाईंचं का असेना. दोघं खरंच एकत्र राहता का, याचीही चौकशी होते. पोलीस घरी आले तर घाबरू नका, घरच्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा देणारं कार्ड) अर्ज करता येईल.